मुलाच्या दुःखाला सोबत हवी



घरात मृत्यू झाला म्हणजे मोठी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात, जलदानविधीची तयारी करतात, आल्यागेल्याचे पाहतात. या गडबडीत आठ-दहा वर्षांचे पोर कोठे असते? ते दाराआड उभे असते. कोणी म्हणतो, "लहान आहे, त्याला काय कळते?" कोणी म्हणतो, "आता तूच घरातला कर्ता, रडू नकोस." दोन्ही बोलणी त्या लेकरावर अन्याय करणारी आहेत.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत, श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही, अशीही एक प्रतिज्ञा आहे. आपण दीक्षा घेतली, दहावा-तेरावा सोडला, कावळ्याची वाट पाहणे सोडले. हे योग्यच झाले. पण "बाबा कोठे गेले?" असे मुलाने विचारले तर आपण काय सांगतो? 'देवाघरी' हे उत्तर आपण टाकले. नवे उत्तर मात्र पुष्कळ घरांत दिलेच जात नाही. त्या रिकाम्या जागेत भीती शिरते. मी हट्ट केला म्हणून बाबा गेले, असेही मूल मनाशी धरून बसते.

धम्माचे उत्तर सरळ आहे. "बाबा वारले. ते परत येणार नाहीत. यात तुझा काही दोष नाही. आम्ही तुझ्याजवळ आहोत." अनित्यतेचा पाठ लहान मुलाला एवढ्यात समजतो. पण शेवटचे वाक्य खरे करून दाखवावे लागते.

किसा गोतमीची कथा आपण विहारात ऐकतो. मेलेले मूल कडेवर घेऊन ती तथागतांकडे आली. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरून मोहरी आण, असे त्यांनी सांगितले. मृत्यू कोणालाच चुकत नाही, हे तर तथागत तिला बसल्या जागीही सांगू शकले असते. त्यांनी तिला माणसांत पाठविले. दारोदार तिने दुसऱ्यांचे दुःख ऐकले, तेव्हा तिचे डोळे उघडले. पटाचाराचेही तसेच. पती, दोन मुले, आईबाप गमावून ती भ्रमिष्ट झाली होती. धम्मात आल्यावर, मुले गमावलेल्या कित्येक स्त्रियांनी तिच्याच पायाशी बसून धीर मिळविला. दुःखिताला दुःखितच चांगला ओळखतो.

स्वतः सिद्धार्थ सात दिवसांचे असताना महामाया गेल्या. महाप्रजापती गौतमींनी त्यांना वाढविले. बाबासाहेब पाच-सहा वर्षांचे असताना भीमाबाई गेल्या. आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले. 1926 साली लाडका राजरत्न गेला, तेव्हा या महापुरुषानेही मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहून आपले दुःख उघडे केले. मग आपल्या पोराने का गिळावे?

आपल्या नगर जिल्ह्यात हा प्रश्न घरोघरचा आहे. 2020 आणि 2021 च्या कोरोनात कित्येक मुलांचे आईबाप गेले. दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे शासनाने 5 लाख रुपयांची ठेव ठेवली. ते आवश्यकच होते. पण रात्री दचकून उठणाऱ्या मुलाला ठेवपावती जवळ घेत नाही. शिवाय पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातले आईबाप दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्यातच परततात. मागे आजीजवळ राहिलेल्या मुलाच्या घरात कोणी मेलेले नसते; तरी प्रियांचा वियोग हेही दुःखच, हे तथागतांनी सारनाथच्या पहिल्या प्रवचनातच सांगितले आहे.

म्हणून माझी विनंती आहे. प्रत्येक विहारात पंधरा दिवसांतून एका रविवारी अशा मुलांची बैठक घ्या. लहान मुले वेगळी, मोठी वेगळी. आठ-दहांपेक्षा जास्त नकोत. एक जाणती उपासिका आणि एक शिक्षक सोबत असावेत. त्रिशरण-पंचशील झाल्यावर ज्याला बोलायचे त्याने बोलावे, सक्ती नको. "माझे दुःख तुझ्याहून मोठे" असे माप नको, मोठ्यांचा उपदेश तर मुळीच नको. लहानांना चिखलमाती, खडू, कागद द्या. त्यांचे दुःख हातातून बाहेर येते. मोठी मुले समोरासमोर बोलत नाहीत. त्यांना विहार झाडायला, झाडे लावायला बरोबर घ्या. काम करता करता ती बोलतात.

बैठकीतले बोलणे गावात नेऊ नये. मात्र एखाद्यावर अत्याचार होत असेल, किंवा एखादा जीव देण्याची भाषा करत असेल, तर गप्प राहणे हे पाप आहे. त्या मुलाला एकटे सोडू नका, डॉक्टरकडे न्या, 1098 वर कळवा.

मूल सकाळी रडते आणि दुपारी विटीदांडू खेळते. म्हणून ते विसरले असे समजू नका. मूल दुःख तुकड्यातुकड्यांनी सोसते. पहिली भीमजयंती, पहिली बुद्धपौर्णिमा, पहिला निकाल, हे दिवस त्याला जड जातात. निदान वर्षभर बैठक मोडू नका.

दररोज आपण 'संघं सरणं गच्छामि' म्हणतो. संघ मूळचा भिक्खूंचा. पण माणूस एकट्याने तरत नाही, हा त्याचा धडा आपल्या सर्वांसाठी आहे. ज्या विहारात आपली पोरे मोकळेपणी रडू शकतील, तेथेच ती उद्या ताठ मानेने उभी राहतील.

नमो बुद्धाय! जयभीम!