निवड करायला कुणी शिकवलं?

माझी भाची मुखेडला अकरावी-बारावीच्या मुलींची इंग्रजीची शिकवणी घेते. शनिवारी धडे-व्याकरण बाजूला ठेवून तासभर नुसतं वाचन असतं, परीक्षेत न येणारं काहीतरी. यंदा तिनं त्यासाठी ॲली कॉन्डी या अमेरिकी लेखिकेची 'मॅच्ड' ही 2010 सालची कादंबरी काढली. त्या कादंबरीतल्या राज्याला 'सोसायटी' म्हणतात. कुणी कोणतं काम करायचं, काय खायचं आणि कुणाशी लग्न लावायचं हे सोसायटी ठरवते. मरायचं वयही ठरलेलं आहे, ऐंशी वर्षं. जुन्या काळच्या कवितांपैकी शंभर निवडून ठेवल्या आहेत, बाकीच्या नष्ट केल्या आहेत. नायिका कॅसिया सतरा वर्षांची होते, समारंभात तिला जोडीदार दाखवला जातो, आणि पुढे पडद्यावर क्षणभर दुसऱ्याच मुलाचा चेहरा चमकून जातो. तिथून तिचं विचार करणं सुरू होतं.

मुखेडमधल्या सतरा वर्षांच्या मुलीला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. सायन्स घ्यायचं की आर्ट्स हे वडिलांनी ठरवलेलं असतं. लातूरच्या क्लासला पाठवायचं की नाही हे भावाची फी भरून काय उरतं त्यावर ठरतं. बारावीचा निकाल लागला की स्थळं सुरू होतात.

भाची रविवारी सकाळी घरी आली ती बसायच्या आधीच बोलायला लागली. "मामा, ती लेखिका मॉर्मन आहे."

"मग?"

"मग काय? मी बारावीला असताना हेच पुस्तक वाचून बाबांना म्हणाले होते, मला बी.एस्सी. नको, इंग्रजी घेऊन बी.ए. करायचंय. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहून बोलले. ते बळ मला कुणाच्या तरी धर्मानं दिलं होतं का? आणि ते न सांगता मी आता पोरींना देऊ का?"

एका मुलीच्या आईनं तिला दारातच विचारलं होतं, हे कोणत्या धर्माचं पुस्तक आहे म्हणून. तिनं फोनवर शोधलं, आणि एका लेखिकेवर थांबणं तिला जमलं नाही. 'ट्वायलाइट' आणि 'द होस्ट' लिहिणाऱ्या स्टेफनी मेयर मॉर्मन. 'द मेझ रनर'चे जेम्स डॅशनर त्याच पंथात वाढलेले. 'मिस्टबॉर्न' आणि 'स्टीलहार्ट'चे ब्रँडन सँडरसन मॉर्मन, 1985 मध्ये 'एंडर्स गेम' लिहिणारे ऑर्सन स्कॉट कार्डही मॉर्मन. हे सगळे युटामधल्या ब्रिगहॅम यंग या पंथाच्याच विद्यापीठात शिकलेले. कार्ड यांनी तर नव्वदच्या दशकात पंथाच्या धर्मग्रंथातली कथाच पाच विज्ञानकादंबऱ्यांत नव्यानं मांडली.

मी तिला म्हणालो, "एका विद्यापीठातून पाच लेखक निघाले म्हणजे तिथं लिहिणं चांगलं शिकवतात, एवढंच सिद्ध होतं. लेखकाच्या देव्हाऱ्यात डोकावून पुस्तक वाचायला लागलीस तर वाचन संपलं. आमच्या वेळी नांदेडला पीपल्स कॉलेजात कुरुंदकर गुरुजी होते. स्वतः निरीश्वरवादी, पण धर्मग्रंथ मुळातून वाचून त्यांवर बोलायचे. माणूस काय मानतो हा एक प्रश्न आणि ग्रंथ काय सांगतो हा दुसरा. तू दोन्हींची गल्लत करायलीस."

"नाही करायले. ग्रंथ काय सांगतो तेच बघायले," ती म्हणाली. "यांची एक कथा आहे, ऐका."

तिनं सांगितलेली कथा मला नवी होती. जोसेफ स्मिथनं 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापलेल्या या पंथाची शिकवण अशी, की पृथ्वीवर येण्याआधी आपण सगळे ईश्वराजवळ आत्मारूपात होतो. तिथं दोन योजना पुढे आल्या. ल्युसिफर म्हणाला, मी सगळ्यांना चांगलं वागायला लावतो, एकही आत्मा वाया जाणार नाही. फक्त त्यांचं स्वातंत्र्य माझ्याकडे द्या. दुसरी योजना ख्रिस्ताची होती. माणसाला निवडू द्यायचं, त्यात काही चुकतील, काही हरवतील, तरी निवडू द्यायचं. ईश्वरानं दुसरी योजना स्वीकारली. त्यावरून स्वर्गात युद्ध झालं आणि एक तृतीयांश आत्मे ल्युसिफरबरोबर गेले. उरलेले पृथ्वीवर आले, ते मागचं सगळं विसरून, परीक्षेसाठी.

"आता 'मॅच्ड' बघा," ती म्हणाली. "कुणी उपाशी नाही, गुन्हे नाहीत, सगळं सुरक्षित. फक्त निवड नाही. ही ल्युसिफरची योजनाच नाही का? आणि 'मेझ रनर'मधली पोरं चक्रव्यूहाच्या मधोमध येतात तेव्हा स्वतःच्या नावापलीकडे त्यांना काही आठवत नाही, आणि वरून कुणीतरी त्यांची परीक्षा घेत असतं."

साम्य लख्ख होतं, आणि म्हणूनच मला ते पटेना. एवढं नेमकं जुळणारं साम्य दिसलं की उलटतपासणी करावी. "हीच गोष्ट मॉर्मन नसलेल्या कुणी लिहिलीय का?" मी विचारलं.

तिला लगेच आठवलं. "लोइस लॉरी. 'द गिव्हर', 1993. तिथंही नोकरी, जोडीदार, मुलं सगळं नेमून दिलेलं. वेदना नाही, रंग नाहीत, आठवणी नाहीत."

"म्हणजे तू म्हणतेस ती ल्युसिफरची योजना कॉन्डीच्या सतरा वर्षं आधी, त्या पंथाशी संबंध नसलेल्या बाईनं लिहून ठेवलीय. आणि 'हंगर गेम्स'?"

"सुझन कॉलिन्स मॉर्मन नाहीत. टीव्हीवर चॅनेल बदलताना एकीकडे रिअ‍ॅलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं दिसली, त्यातून सुचलं असं त्यांनी सांगितलंय. शिवाय थिसियसची ग्रीक कथा."

"बघ. सगळं आपल्या मुठीत ठेवणाऱ्या सत्तेची भीती कुणाला वाटेल हे धर्मावर ठरत नाही. आपला मुखेड निजामाच्या राज्यात होता. माझ्या वडिलांनी रझाकारी पाहिली होती. रात्री दार वाजलं तर ते म्हातारपणीही दचकायचे. मी कॉलेजात असताना आणीबाणी होती. मॉर्मनांचंही तसंच असेल."

"तसंच आहे," ती म्हणाली. "1838 मध्ये मिसुरीच्या गव्हर्नरनं लेखी हुकूम काढला होता, यांना राज्यातून हाकला नाहीतर संपवा. 1844 मध्ये जमावानं तुरुंगात घुसून जोसेफ स्मिथला मारलं. मग हे लोक पश्चिमेकडे निघाले आणि 1847 मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. पण मामा, तिथं गेल्यावर त्यांनी स्वतःच नियमांनी बांधलेला समाज उभा केला. चहा-कॉफी नको, दारू नको, विवाह कसा, दशमांश किती, सगळं ठरलेलं. सत्तेचा मारही खाल्लेला आणि शिस्तीचं सुखही घेतलेलं. म्हणूनच त्यांना अशी राज्यं आतून रंगवता येत असतील."

हे मला मान्य करावं लागलं. तरीही यातून प्रभाव सिद्ध होतो असं मला वाटत नव्हतं, आणि ते तिला कसं सांगावं याचा विचार करताना मला बाबा पदमनजी आठवले.

पदमनजी बेळगावचे. 1854 मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि 1857 मध्ये त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण ते शिकवतो. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि जागोजागी विधवांचे हाल बघते. मग अपघातात तिचाच नवरा जातो, आणि इतके दिवस पाहिलेलं तिच्याच वाट्याला येतं. केशवपनाची सक्ती येते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते.

"यात धर्माचा प्रभाव कुठं आहे, सांग," मी म्हणालो.

"सगळीकडे. मिशनऱ्यांचंच पुस्तक ते."

"विधवांचं दुःख ख्रिस्ती होतं का?"

ती गप्प झाली.

"दुःख आपल्या घरातलं होतं. ते पुढे कर्व्यांनाही दिसलं, आगरकरांनाही. पदमनजींचा धर्म दुःखाच्या वर्णनात शोधून सापडणार नाही. तो सुटकेत आहे. यमुना शेवटी कुठं जाऊन थांबते, तिथं. तू दहशतीत मॉर्मन शोधायलीस. दहशत सगळ्यांचीच असते. कादंबरी माणसाला सोडवते कशानं, ते बघ."

"चिन्हांचं काय मग? नावं, युद्धं, परीक्षा?"

"चिन्हं फसवतात. नारळीकरांची 'वामन परत न आला' घे. नाव थेट दशावतारातलं. जमिनीखाली पुरलेल्या प्रगत संस्कृतीचं ज्ञान हाती लागतं, त्यातून यंत्रमानव तयार होतो, त्याचं नाव वामन, आणि तोच माणसाच्या मुळावर उठतो. उद्या परदेशातला कुणी म्हणेल, हा लेखक वैष्णव. पण नारळीकरांनी फलज्योतिषाची चाचणी घेण्यात वेळ घातला. त्यांच्या कथेत माणसाला वाचवायचं काम अवताराकडे नाही, माणसाच्या सावधपणाकडे आहे. नाव पुराणातलं आणि श्रद्धा विज्ञानावर."

ती बराच वेळ पुस्तक चाळत होती. मग तिनं एक जागा काढली. ती मला त्या सकाळच्या सगळ्या बोलण्यात सर्वांत मोलाची वाटते.

सोसायटीत माणूस मेला की त्याच्या शरीराचा एक नमुना जपून ठेवतात. पुढेमागे विज्ञान तुला परत आणेल, असं आश्वासन. कॅसियाचे आजोबा ऐंशीचे होतात, त्यांचा शेवटचा दिवस येतो. ते नातीला बंदी घातलेल्या कविता लपवून देतात आणि मुलाला सांगतात, माझा नमुना नाहीसा कर. मुलगा तसं करतो. बापाचा शब्द राखण्यासाठी शिक्षेचा धोका पत्करतो.

"मॉर्मन लोक वंशावळींना जिवापाड जपतात," ती म्हणाली. "सॉल्ट लेकजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात बोगदे खणून त्यांनी जगभरच्या कुळांच्या नोंदी ठेवल्यात. मेलेल्या पूर्वजांच्या नावानं मंदिरात बाप्तिस्मा घेतात, म्हणजे कुटुंब मरणानंतरही एकत्र राहावं. आणि इथं आजोबा सरकारनं देऊ केलेलं पुनरुत्थान नाकारतात. नातं राहतं ते कवितेतून आणि मुलानं पाळलेल्या शब्दातून. असल्या कादंबऱ्यांत आईबाप बहुतेक मेलेले असतात नाहीतर निकामी असतात. इथं ते प्रेमळ आहेत. बंडसुद्धा घरातूनच सुरू होतं, आजोबांपासून."

"सापडलं तर मग."

"सापडलं. सुटका कुटुंबात आहे, स्वतः निवडलेल्या जोडीदारात आहे." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि मला याचा राग येत नाही, हे नवल आहे. माझं बंडही घर तोडायला नव्हतंच. बाबांनी माझं ऐकावं एवढंच मला हवं होतं."

माझं मत मी सांगून टाकलं. लेखकाच्या श्रद्धेतून आलेलं बळ वाचणाऱ्याचं व्हायला धर्मांतर लागत नाही. 'श्यामची आई' पिढ्यानपिढ्या सगळ्या धर्मांच्या पोरांनी वर्गात रडत वाचलीय. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं, त्यातली सुटका भक्तीत आणि आईच्या संस्कारांत आहे. माझ्या वर्गातल्या मुसलमान मुलाला 'हे पुस्तक कोणत्या धर्माचं' असं विचारायचं मी कधी सुचवलं नाही. आपल्या पुस्तकाला जो प्रश्न आपण विचारत नाही, तो परक्याच्या पुस्तकाला विचारताना त्यात अभ्यास किती आणि संशय किती हे आधी तपासावं.

"म्हणजे सांगू नको म्हणता?"

"पुस्तक संपल्यावर सांग. आधी सांगितलंस तर पोरी पानोपानी मॉर्मन शोधत बसतील आणि आजोबांपर्यंत पोचणारच नाहीत."

तिला हे पटलं नाही, आणि तिच्या न पटण्यात दम होता. "मामा, तुमच्या वर्गातल्या त्या मुलाला 'श्यामची आई' कोणत्या घरातली आहे हे न सांगताच माहीत होतं. आपल्या पोरींना मॉर्मन हा शब्दही माहीत नाही. ज्याला माहीत असतं तो सावध राहू शकतो. आणि त्या बाईंनी मला सरळ विचारलंय. त्यांना काय सांगू, पुस्तक संपू द्या? माझ्या आईनं विचारलं असतं आणि माझ्या शिकवणीच्या बाईंनी असं उत्तर दिलं असतं, तर तिनं मला पुन्हा पाठवलं नसतं."

"मग त्या एकीला सांग."

"एकीला सांगायचं आणि बाकीच्यांपासून लपवायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकाला आधी मोकळं भेटू द्यावं असं मला आजही वाटतं, पण ज्या मुलीला घरून पाठवायचं की नाही हे दारात उभी असलेली आई ठरवते, तिच्या बाबतीत ही मोकळीक मी कुणाच्या जिवावर मागतोय, हा प्रश्न तिनं उभा केला होता.

जाताना तिनं कपाटातून 'यमुनापर्यटन' काढून घेतलं. "दोन्ही बरोबरच वाचू. एक शनिवार हे, एक शनिवार ते."

"हे ऐकलं तर आया पुस्तकच बंद करतील."

"म्हणून त्यांनाच बोलावते शनिवारी. त्या बाईंना पहिलं बोलावते."