सही कोणाची?



गेल्या हिवाळ्यात बर्फामुळे एका शनिवारी घरीच अडकलो होतो. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीच्या आग्रहाने तिच्यासोबत ऑर्सन वेल्स यांचा ‘एफ फॉर फेक’ हा १९७३ चा चित्रपट पाहिला. धड माहितीपट नाही, धड कथापटही नाही. त्यात एल्मिर द होरी हा हंगेरियन चित्रकार आहे. स्वतःच्या नावाने चित्रे खपेनात, म्हणून त्याने मातीस, पिकासो, मोदिग्लियानी यांच्या धाटणीची चित्रे काढली आणि जाणकारांनी ती अस्सल म्हणून घेतली. त्याचे चरित्र लिहिणाऱ्या क्लिफर्ड आयर्विंग यांनी पुढे हॉवर्ड ह्यूज या अब्जाधीशाचे बनावट आत्मचरित्र रचले आणि तुरुंगवास भोगला. खुद्द वेल्स सुरुवातीला सांगतात, पुढचा तासभर सारे खरेच सांगेन. तास उलटल्यावर पिकासोची एक गोष्ट रंगवतात आणि शेवटी कबूल करतात की ती रचलेली होती.

मुलगी म्हणाली, “बाबा, चित्र तर तेच. नाव बदललं म्हणून किंमत गेली. मग फसवलं कोणी, होरीने की तज्ज्ञांनी?”

मी गप्प झालो. नाव बदलले की किंमत बदलते, हे मला चित्रांवरून शिकायची गरज नव्हती. या देशातल्या माझ्या पहिल्या नोकरीत एका भारतीय सहकाऱ्याने जेवताना विचारले, “पूर्ण नाव काय? मूळ गाव कुठलं?” मी आडनाव गिळले, वडिलांचेच नाव आडनाव म्हणून सांगितले. पुढे तीच मंडळी घरी जेवायला येणार होती, तेव्हा हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो मी आतल्या खोलीत नेऊन ठेवला.

पंचशीलातले चौथे शील मी रोज म्हणतो. मग मी होरीच का?

चित्रपटात होरी म्हणतो, मी कधीच खोटी सही केली नाही. आयर्विंग म्हणतात, केली होती. सगळा वाद तिथेच आहे. दुसऱ्याच्या शैलीत चित्र काढणे हा गुन्हा नाही; त्यावर त्याचे नाव घालून विकणे ही फसवणूक आहे. होरीने दुसऱ्याच्या नावाचा भाव घेतला. मी कोणाचे काही घेतले नाही, फक्त स्वतःची सही पुसली. नोकरी किंवा व्हिसा जाईल या भीतीने जो आडनाव लपवतो, त्याला मी खोटारडा म्हणणार नाही. माणसाचे मोल आडनावावरून ठरवणारा आधी दोषी.

पण फोटोचे काय? तो हलवायला मला कोणी सांगितले नव्हते. त्या दिवशी त्यांचा तराजू मी माझ्या घरात आणला आणि त्यांच्या आधी स्वतःच स्वतःला तोलले. होरीचेही तेच झाले. नावाच्या बाजाराला तो हसत राहिला, पण जगला त्याच बाजारावर.

वेल्स एका ठिकाणी फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलसमोर थांबतात. एवढी मोठी वास्तू, पण तिच्यावर कोणा कारागिराची सही नाही. मला अजिंठा आठवला. सोळाव्या लेण्यात दान देणाऱ्या वराहदेव या मंत्र्याचे नाव कोरलेले आहे. ज्यांनी भिंती रंगवल्या त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. तरी त्या चित्रांसमोर उभे राहिल्यावर चित्रकाराचे आडनाव कोण विचारतो?

मात्र नाव न लिहिणे वेगळे आणि नाव लपवावे लागणे वेगळे. पहिल्यात काम पुढे असते, दुसऱ्यात भीती.

फोटो आता बरीच वर्षे हॉलमध्येच आहे. तो मधे आत का गेला होता, हे मुलीला कधी सांगितले नव्हते. त्या रात्री सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पुढच्या वेळी पाहुणे आले की मी सांगेन, हे कोण आहेत ते.”