गुन्हेगार शेवटच्या पानावर

बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा पांढरकवड्यात बसून वाचण्याचं सुख वेगळंच आहे. शेवटी गुन्हेगार सापडतो, एकच, नावगावासकट. सगळा दोष त्याच्या अंगावर बसतो आणि उरलेले लोक मोकळे होतात. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाला वाङ्मयेतिहासात जागा देताना समीक्षक कचरतात. कचरोत बापडे.

कादंबरीचा प्रकार म्हणजे 'दोष कुणाचा?' या प्रश्नाला उत्तर देण्याची एक रीत, असं मला आताशा वाटू लागलंय. नारायण धारपांच्या भयकथेत अरिष्ट बाहेरून येतं आणि समर्थांसारखा जाणकार ते परतवून लावतो. म्हणून रात्री धारप वाचून मला गाढ झोप लागते.

झोप उडते ती सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ने. साहित्य अकादमीचा २००४ चा पुरस्कार मिळालेली ही कादंबरी बुलढाण्याकडची, पण तिच्यातला एकनाथ आमच्या केळापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात खपून जाईल. शिकलेला आहे, नोकरी नाही, आणि वावर पोसत नाही. वाचताना मी गुन्हेगार शोधत राहतो. पाऊस? कापसाचा भाव? सावकार? नोकरीसाठी पैसे मागणारा संस्थाचालक? प्रत्येकाचा थोडाथोडा हात आहे आणि बेड्या कुणालाच घालता येत नाहीत. मग राग लेखकावर निघतो.

इकडचे वाचक अशी कादंबरी तलाठ्यासारखी तपासतात. पेरणीचं नक्षत्र बरोबर आहे का, वेचणीची मजुरी किती लिहिली आहे? तपशील जुळला की कादंबरी उत्तम. हे मला पटत नाही. उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) मोठी आहे ती केवळ वऱ्हाडी बोली अस्सल उतरली म्हणून नाही. कौतिक मोडत आलेला संसार ओढत राहते आणि शेळके तिच्या हालांचं खापर एकाच कुणावर फोडून आपल्याला सुटका देत नाहीत, म्हणून.

पुस्तकाबाहेरही इथे तेच. २०१८ मध्ये पांढरकवडा-राळेगाव भागातल्या १३ माणसांच्या मृत्यूंचा ठपका अवनी वाघिणीवर होता. २ नोव्हेंबरला बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली. रहस्यकथा तिथे संपली असती. इथे वाद तिथूनच पेटला: बेशुद्ध का केलं नाही, गोळी कशी लागली, जंगलाच्या कडेला माणसांनी जगायचं कसं? आणि शेतकऱ्याने आत्महत्या केली की सरकारी समिती बसते. नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा तपासून १ लाख रुपयांच्या मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र, हे ती ठरवते. मृत्यू आहे, तपास आहे, निकालही आहे. आरोपीचा रकाना तेवढा नाही.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला बोलावलेल्या कादंबरीकार नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, ही लाजिरवाणी गोष्ट होती. मग उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केलेली. कादंबऱ्यांत अशी बाई बहुधा शेवटच्या प्रकरणात पदराने डोळे पुसते. इथे ती माईकसमोर उभी राहून बोलली.

शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती, वृषाली, दुर्योधन असे सगळे आपापली बाजू सांगतात. पुराणातल्या माणसांना मिळालेली ही मोकळीक केळापूरच्या एखाद्या घराला का मिळू नये? विधवा बोलेल, कृषी केंद्रवाला बोलेल, फायलीवर अपात्र असा शेरा मारणारा अधिकारीही बोलेल. अशी कादंबरी कुणी लिहिली, तर मी आधी सावकाराचं प्रकरण उघडीन.