पक्ष, साध्य आणि संगणक

विश्वकोशात एखादी नोंद शोधताना कोणी पहिल्या पानापासून पाने उलटत बसत नाही. खंड मधोमध उघडायचा, हवी ती नोंद आधीची असेल तर पुढची पाने सोडायची आणि उरलेल्यांचा पुन्हा मध्य काढायचा. बी.एस्सी.च्या वर्गात यालाच ‘बायनरी सर्च’ म्हणतात. वाईत तर हे समजावायला फळाही नको, मराठी विश्वकोशाचे कार्यालयच गावात आहे.

मात्र नोंदी अकारविल्हे लावलेल्या हव्यात. विश्वकोशाचा परिभाषासंग्रह 1973 साली निघाला आणि पहिला खंड 1976 साली. खंड कोणी प्रकाशनाच्या सालाप्रमाणे मांडले, तर ही युक्ती पहिल्याच फळीवर फसेल. ‘यादी आधी क्रमाने लावलेली आहे’ ही अट लिहायला विद्यार्थी हमखास विसरतात. प्रोग्रॅम चालला, ‘आउटपुट आलं, सर’, विषय संपला!

नवल असे, की हाच मुलगा दहावीत प्रत्येक प्रमेयाखाली ‘पक्ष’, ‘साध्य’, ‘सिद्धता’ असे शब्द लिहून आलेला असतो. कॉलेजात माध्यम बदलते आणि शब्दांबरोबर ती शिस्तही गळते. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1969 मध्ये प्रोग्रॅमची सिद्धता मांडली, ती याच घाटाची: आधी काय गृहीत, नंतर काय साधायचे आणि मधल्या ओळी ते कसे साधतात. पण गणिताचा पेपर वेगळा, प्रोग्रॅमिंगचा वेगळा, आणि दोन्हीकडचे शिक्षक भेटतात ते बहुधा परीक्षेच्या ड्युटीवर.

पक्ष आणि साध्य हे शब्द न्यायशास्त्राचे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, या अनुमानात डोंगर हा पक्ष, अग्नी साध्य आणि धूर हेतू. भूमितीने ‘पक्ष’चा अर्थ बदलून ‘दिलेले’ असा केला, एवढेच. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकून लक्ष्मणशास्त्री जोशी 1923 साली कलकत्त्याहून तर्कतीर्थ झाले. तेच पुढे विश्वकोशाचे प्रमुख संपादक. अशा गावात तर्काचे उदाहरण इंग्रजी पुस्तकातून कशाला आणायचे?

धूर तिथे अग्नी, हे खरे. मग अग्नी तिथे धूर? नैयायिक लगेच तापलेला लोखंडी गोळा पुढे करतो: अग्नी आहे, धूर नाही. चारने भाग जाणारी संख्या सम असते, म्हणून प्रत्येक सम संख्येला चारने भाग जातो असे लिहिणाऱ्याला सहा दाखवायचा, तो हाच गोळा. अग्नीतून धूर निघायला इंधन ओले लागते. नियमात न सांगितलेल्या अशा अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात.

बायनरी सर्चलाही अशी उपाधी निघाली. जॉन बेंटली यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकात ही रीत सिद्धतेसह दिली होती. जोशुआ ब्लॉक यांनी जावाच्या लायब्ररीत ती त्याच वळणाने लिहिली. सुमारे नऊ वर्षांनी, 2006 मध्ये, त्यांनीच जाहीर केले की तिच्यात चूक आहे. मध्य काढताना दोन टोकांची बेरीज करून निम्मी करायची, इथेच घोटाळा. 32 बिटांच्या पूर्णांकात 2,14,74,83,647 पर्यंतच मावते. यादी सुमारे 107 कोटींच्या पुढे गेली, की बेरीज उतू जाऊन ऋण होऊ शकते. सिद्धतेची तर्कसंगती चोख होती, पण ‘बेरीज मावते’ ही अट पक्षात कोणी लिहिलीच नव्हती.

एवढी मोठी यादी वर्गात कुठून आणणार? फळ्यावर 99 पर्यंतच मोजणारे यंत्र मांडावे. टोके 60 आणि 80. बेरीज 140, मावत नाही. आता 80 मधून 60 वजा करा, 20. निम्मे 10, ते 60 मध्ये मिळवा, 70. सगळे 99 च्या आत. गणिताच्या वहीत ही दोन सूत्रे एकच, आणि मागच्या बाकावरचा कोणीतरी हे बोलून दाखवतोच. मग त्यालाच खडू द्यावा आणि पहिल्या सूत्राचा पक्ष पुन्हा लिहायला सांगावा.