जोत्याच्या वर

पुण्यात तळघर हे राहायचं ठिकाण नव्हे. बांधकामाचे नियम तिथे गाडी लावू देतात, सामान ठेवू देतात. संसार मांडू देत नाहीत. नियमाबरोबर हे पाण्यानंही सांगितलं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढा घरांत शिरला. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पाणी भरलं. या शहरात कमी पैशांत घर वाढवायचं, तर ते वरच वाढतं.

म्हणून इथलं अर्धवट घर जमिनीखाली नसतं, जोत्यावर असतं. बिबवेवाडीला अप्परच्या बाजूला ओटा नावाची वस्ती आहे, निगडीला ओटा स्कीम आहे. आखून दिलेली जागा आणि बांधलेलं जोतं एवढंच हाती यायचं. भिंती, छप्पर ज्याचं त्यानं.

ज्याच्याकडे पैसा एकदम येत नाही, त्याचं घरही एकदम येत नाही. पहिल्या पावसाआधी पत्रा. भिशी लागली की एक भिंत विटेची. दिवाळीच्या बोनसवर कोबा, पुढे कधीतरी शहाबादी. मुलगी मोठी झाली की पोटमाळा, मुलाचं लग्न ठरलं की लोखंडी जिना. अशा घराचं वय वर्षांत सांगत नाहीत. कोणाच्या लग्नात स्लॅब पडला, ते सांगतात.

रंग चारचौघांना दिसतो, म्हणून हात आधी रंगाकडे जातो. ओल दिसत नाही. ती म्हाताऱ्यांच्या खोकल्यातून कळते. पैसा थोडा असेल तर पहिला रुपया पाण्याच्या वाटेवर टाकावा: पागोळी कुठे पडते, मोरीचं पाणी कुठून निघतं, वरच्या संडासाचा पाइप कुठल्या भिंतीनं उतरतो. त्यानंतरचा हवेच्या वाटेवर. जिन्याचा विचार तर वीट आणण्याआधीच व्हावा, कारण जिन्याची जागा एकदा चुकली की वरच्या प्रत्येक मजल्याची खोली चुकते. फरशी थांबू शकते. गिलावाही थांबतो.

दाटीच्या वस्तीत सगळ्यांत आधी जाते ती खिडकी. शेजाऱ्यानंही त्याच गरजेपोटी भिंत उचललेली असते, तेव्हा भांडायचं कोणाशी? उजेड फक्त वरून उरतो. पत्र्यात एक पारदर्शक पत्रा बसवणारा गवंडी मला मोठा माणूस वाटतो.

गच्चीवर सोडलेल्या सळ्या बाहेरच्याला रखडलेलं काम वाटतात. घरच्यांना तिथे पुढची खोली दिसते. पण उघडी सळई प्रत्येक पावसात गंजते. तिला सिमेंटचा हात द्यावा लागतो, आणि हे वेळेत सांगणारं कोणी लागतं. एका मजल्याच्या पायावर तिसरा मजला चढतो, तो बेफिकिरीनं नव्हे. पायाला किती पेलेल हे सांगणारा इंजिनिअर त्या गल्लीत कधी आलेलाच नसतो. जोतं देणाऱ्यानं हे ज्ञानही जोत्याबरोबरच द्यायला हवं होतं, असं मला ठाम वाटतं.

जोत्यावरून घर वाढू देण्याची ही कल्पना मोठ्या वास्तुविशारदांनीही हाताळली. त्यांतले बाळकृष्ण दोशी पुण्यातच जन्मले, 1927 साली, फर्निचरचा व्यवसाय करणाऱ्या एकत्र कुटुंबात. 1980 च्या दशकात इंदूरला त्यांनी अरण्य वसाहत आखली. सुमारे साडेसहा हजार भूखंड. सर्वांत गरीब कुटुंबांना जोतं, पाणी, संडास. 80 घरं नमुन्यादाखल बांधून दाखवली, आणि पुढचं माणसांवर सोडलं. 2018 मध्ये वास्तुकलेचा प्रित्झ्कर पुरस्कार मिळालेले ते पहिले भारतीय. चिलीतल्या इकीके शहरात आलेहांद्रो अरावेना यांनी 2004 च्या सुमारास अर्धी घरं दिली. अर्धं कुठलं द्यायचं, यात त्यांची सगळी बुद्धी होती: मोरी, स्वयंपाकघर, जिना, दोन घरांमधली मजबूत भिंत. कुटुंबाला एकट्यानं नीट जमणार नाही, ते सगळं आधी बांधलं. उरलेल्या अर्ध्यासाठी नुसती जागा मोकळी ठेवली.

आता पुण्यात झोपडपट्टी पुनर्वसनात उंच इमारती उभ्या राहतात. घर पुरं मिळतं, पक्कं मिळतं, संडास दाराआड येतो. ज्या बाईनं वर्षानुवर्षं सार्वजनिक संडासाच्या रांगेत पहाट काढली, तिच्यासमोर ओट्याचं गुणगान करू नये. जमीनही आता तेवढी उरलेली नाही. पण त्या पक्क्या खोलीत सून येते, नातू येतो आणि भिंत एक इंचही हलत नाही. ओट्यावर निदान वरचं आभाळ आपलं होतं.

त्या खोल्यांची उंची थोडी वाढवली, तर आत पोटमाळा बसेल. त्याची तुळई टेकायला भिंतीत आधीच जागा ठेवावी आणि माळ्याच्या पातळीला एक झरोका सोडावा. स्लॅब पडण्याआधी नकाशावर हे ठरवलं, तर खर्च फार होत नाही. माळा लोक बांधतील. त्यांना ते काम येतं.