जामिनाची सही

बार्शी तालुक्यातल्या एका गावातल्या गणपतरावांना एका गोष्टीचा फार अभिमान. "आमच्या घराण्यात कुणी बँकेचं तोंड पाहिलं नाही," हे ते सोयरिकीच्या बैठकीत, पारावर, एसटीतसुद्धा ऐकवायचे. बियाणं रोखीनं, बैल रोखीनं, थोरल्या लेकीचं लग्नही साठवलेल्या पैशांतून. बायकोनं, सुमनबाईंनी, शिलाई मशीनसाठी तीस हजारांचं शिशु मुद्रा कर्ज घेतलं, तेव्हा त्यांनी कितीतरी दिवस अबोला धरला. सुमनबाईंनी काही न बोलता फॉल-पिकोच्या कमाईतून एकेक हप्ता तारखेच्या आधी भरून टाकला.

धाकट्या ओंकारला २०२५ साली पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. शिष्यवृत्ती वजा जाता फी, वसतिगृह, मेस आणि लॅपटॉप धरून साडेतीन लाख कमी पडत होते. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज भरताना मित्रांनी त्याला घाबरवलं, "तुझा सिबिल स्कोअरच नाही. ज्यानं कधी कर्ज घेतलं नाही, त्याला बँक दारात तरी उभं करील का?"

तिघंही शाखेत गेले. मॅनेजर मॅडमनी संगणकात पाहिलं. ओंकारच्या नावापुढे उणे एक.

"म्हणजे नापास?" ओंकारचा आवाज बसला.

"नाही रे. स्कोअर ३०० ते ९०० असतो. उणे एक म्हणजे तुझी काही नोंदच नाही. पाटी कोरी आहे, फुटलेली नाही. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून परत पाठवू नका, असं रिझर्व्ह बँकेनंच सांगितलंय. अठरा वर्षांच्या पोराला कसला आलाय कर्जाचा इतिहास? चार लाखांपर्यंत आम्ही तारण मागत नाही, बाहेरचा जामीनदारही मागत नाही. आईवडिलांपैकी एकजण सहकर्जदार लागतो."

गणपतराव ऐटीत पुढं सरकले. "घ्या माझं नाव. एका पैशाचं देणं नाही कुणाचं."

मॅडमनी त्यांचं आधार, पॅन घेतलं. थोड्या वेळानं त्यांनी चष्मा काढला. "गणपतराव, तुमच्या नावावर ट्रॅक्टरचं कर्ज थकलेलं दिसतंय."

"माझ्याकडं ट्रॅक्टरच नाही!"

"तुमचा नसेल. तुम्ही जामीन आहात."

गणपतरावांना आठवलं. मावसभावानं ट्रॅक्टर घेतला होता. फायनान्स कंपनीचा माणूस कागद घेऊन आला, चहा झाला, आणि बॉनेटवरच कागद ठेवून त्यांनी दाखवील तिथं सह्या केल्या. वाचलं काहीच नव्हतं. पाहुण्यासमोर वाचत बसणं बरं दिसत नाही.

"पण मॅडम, मी त्यातला रुपया घेतला नाही."

"घेतला नाहीत. पण त्यानं भरला नाही तर मी भरीन, असं लिहून दिलंत."

गणपतरावांची मान खाली गेली. ओंकार डोळे पुसू लागला. मॅडम सुमनबाईंकडे वळल्या, "ताई, तुमचा पॅन आहे का?"

"आहे की. मशीनच्या कर्जाला काढला होता." त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं कार्ड काढलं.

मॅडमनी पाहिलं आणि हसल्या. "एकही हप्ता चुकलेला नाही. सहकर्जदार तुम्हीच."

शिक्षण आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ते नव्हते. पण तोवर व्याज चढत राहतं, हे मॅडमनी समजावल्यावर सुमनबाईंनी ते दरमहा भरायचं ठरवलं. गणपतराव मावसभावाकडं गेले. आधी भांडण झालं, मग हिशेब झाला. सोयाबीनचे पैसे आल्यावर दोघांनी मिळून थकबाकी भरली आणि बेबाकीचा दाखला घेतला. जुनी नोंद तेवढ्यानं लगेच पुसली गेली नाही. तिची झळ पुढची काही वर्षं त्यांना सोसावी लागणार होती. पारावर घराण्याचा विषय निघाला, की आता ते म्हणत, "कर्ज काढण्यात कमीपणा नाही. न वाचता सही करण्यात आहे."

पुढं वसतिगृहात ओंकारच्या खोलीतला मित्र म्हणाला, "माझं कर्ज मंजूर होईना. तुझ्या नावावर फोन घेऊ. हप्ता मी भरतो, तू फक्त ओटीपी सांग."

"फोनची किंमत काय?"

"बावीस हजार."

"तू हप्ता चुकवलास, तर बावीस हजार भरायची ऐपत आहे का माझी?"

मित्र गप्प झाला.

"नाही ना? ओटीपी म्हणजे माझी सहीच, मग ती खोटी ठरेल. त्यापेक्षा जुना फोन दुरुस्त करून घे. त्याला लागतील ते पाचशे-हजार मी देतो. परत मिळाले नाहीत तरी चालतील एवढेच माझ्याकडं आहेत."

मित्र दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी फोन दुरुस्तीला घेऊन गेला.

तात्पर्य : ज्यानं कधी कर्ज घेतलं नाही, त्याची पत वाईट नसते, ती फक्त कुणी पाहिलेली नसते. ती दिसते दिलेला शब्द वेळेवर पाळल्यानं, मग तो तीस हजारांचा का असेना. आणि दुसऱ्यासाठी केलेली सही हासुद्धा आपणच दिलेला शब्द असतो. तो पाळायची तयारी असेल, तरच पेन उचलावं.