शंकासमाधान : लेकराला घेऊन कुणाकडे जावं?

शंका : आमचं लेकरू बारावीला आहे. मुलगा म्हणून वाढवलं. दिवाळीत मला म्हणालं, "आई, मी मुलगी आहे, अगदी लहानपणापासून." सासूबाई म्हणतात, देवीचं आहे, सौंदत्तीला नेऊन माळ घालू. मालकांना कुणी सांगितलंय की शहरातला एक डॉक्टर औषधानं सरळ करतो. माझ्या हातून काही पाप घडलं का? आणि विश्वास कुणावर ठेवायचा? (एक आई, सांगली जिल्हा)

समाधान : ताई, पाप घडलेलं नाही. तुमच्या डोहाळ्यांशी, लाडांशी, कुणाच्या शापाशी याचा काही संबंध नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांचं जे नवं वर्गीकरण २०२२पासून लागू केलं, त्यात 'मी मुलगी आहे' असं वाटण्याची ही गोष्ट मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली आहे. तुमचं लेकरू बिघडलेलं नाही. इतकी वर्षं एकट्यानं सोसलेलं त्यानं पहिल्यांदा तुम्हाला सांगितलं. सध्या तरी त्याचा सर्वांत विश्वासू आधार तुम्हीच आहात.

आता डॉक्टरांचं. असं मन 'बदलून देतो' म्हणणाऱ्याकडे लेकराला नेऊ नका. औषध, शॉक, संमोहन, काहीही सांगो. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या न्या. आनंद व्यंकटेश यांनी अशा उपचारांना मनाई केली. निकालाआधी, आपल्याला या विषयातलं कळत नाही हे उघड मान्य करून ते स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे शिकायला बसले होते. मालकांना हे जरूर सांगा. न्यायाधीश शिकायला बसू शकतो, तर बापालाही त्यात कमीपणा नाही. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं हे असले उपचार म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे तो डॉक्टर तक्रारीला पात्र आहे.

सासूबाईंचं मन मोडू नका. सौंदत्तीच्या यल्लम्माची ओटी भरा, दर्शनाला सगळे मिळून जा. दक्षिण महाराष्ट्रात जोगत्यांना, म्हणजे यल्लम्माला वाहिलेल्यांना, देवीच्या नावानं आसरा आणि मान मिळाला, हे खरंच आहे, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण दर्शन घेणं वेगळं आणि लेकराला सोडून येणं वेगळं. माळ घातली की शाळा सुटते, हाती परडी येते, घर परकं होतं. आणि हे सगळं त्याला न विचारता. आपलं ओझं देवीच्या पायरीवर ठेवून मोकळं होणं याला मी भक्ती म्हणणार नाही. शिवाय केवळ ट्रान्सजेंडर आहे म्हणून मुलाला आईवडिलांपासून न्यायालयाच्या आदेशाशिवाय वेगळं करता येत नाही, आणि अशा व्यक्तीला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणं हा गुन्हा आहे, असं ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा २०१९चा कायदा सांगतो.

मग कुणाकडे जायचं? ज्याला घाई आहे, त्याच्याकडे नाही. जो पहिल्याच भेटीत गंडा बांधतो तो नको, आणि पहिल्याच भेटीत शस्त्रक्रियेचा खर्च सांगतो तोही नको. चांगला समुपदेशक लेकराशी एकट्यानं बोलतो, त्यानं सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय बाहेर पोचू देत नाही, आणि पुढे काय होईल याची हमी देत नाही. तुम्हालाही रडायला वेळ देतो. सुरुवात टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकापासून करा. मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवाही फोनवर समुपदेशन करते. मुंबईत १९९४पासून काम करणारा हमसफर ट्रस्ट आहे. आणि तुमच्यासारख्याच आईवडिलांनी उभा केलेला 'स्वीकार' हा गट आहे. मालकांना दहा तज्ज्ञांपेक्षा तिथल्या एखाद्या बापाचं बोलणं जास्त पटेल. रंगकर्मी चित्रा पालेकर आपल्या समलिंगी लेकीसाठी अशाच इतर पालकांबरोबर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या. मराठी घरांना ही वाट अगदीच अनोळखी राहिलेली नाही.

एक गोष्ट मात्र आजच विचारा, रागावून नव्हे. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं संततिनियमनाच्या गोळ्या आणून ते घेतं का? शरीर बदलावं म्हणून पुष्कळ जण चोरून घेतात, आणि त्यातून रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. जेवण-झोप तुटली असेल, जगावंसं वाटत नाही असं बोलत असेल, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री वरच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा.

शंका : मी १९ वर्षांची ट्रान्स मुलगी, पुण्यात शिकते. घरी सांगितलं नाही. हे आईवडिलांना फसवणं आहे का? एक ओळखीची ताई म्हणते, माझ्याकडे ये, गुरू करून देते. जाऊ का?

समाधान : बाळ, खरं बोलणं हे कर्तव्य असलं तरी मार खाऊन, शिक्षण गमावून ते आजच पार पाडावं असा धर्म नाही. फी भरणारं आणि डोक्यावरचं छप्पर देणारं घर तेच असेल, तर आधी पाय रोवून उभी राहा. सांगायचं ठरवशील तेव्हा आधार कार्ड आणि मार्कशीट स्वतःजवळ असू दे, आणि त्या रात्री कुठं झोपायचं ते ठरवून ठेव. सुरुवात मावशीपासून, आत्यापासून, जी ऐकून घेईल तिच्यापासून कर.

हिजडा समाजातल्या गुरू-चेल्याच्या घराण्यांनी रक्ताच्या नात्यांनी टाकलेल्या कितीतरी जणींना सांभाळलं, दुखण्यात उशाशी बसून सेवा केली. म्हणून त्या ताईला वाईट ठरवायचं कारण नाही. पण जाण्याआधी तिला स्पष्ट विचार : माझं कॉलेज चालू राहील का? कमाईतलं किती द्यावं लागेल? सोडून यावंसं वाटलं तर येता येईल, की पैसे मोजावे लागतील? यातल्या एकाही प्रश्नावर ती चिडली, तर जाऊ नकोस. घर सोडणं भागच पडलं, तर अठरा वर्षांवरील ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी केंद्र सरकारच्या योजनेतली गरिमा गृहं आहेत. जागा आहे का ते निघण्याआधी विचारून घे. कायद्याची मदत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मिळते, फोन १५१००. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं तुमच्या ओळखीला मान्यता दिली तो निकाल त्यांना माहीत असतो, तुला समजावून सांगावा लागणार नाही.

शंका : नातू आता नात म्हणून राहते. तिला वारीला न्यायचं आहे. शास्त्राला चालेल का? (एक माळकरी आजोबा)

समाधान : आजोबा, विटेवर उभा राहिलेल्याला आपण जन्मभर विठाई, माउली म्हणत आलो आणि त्यात कधी कुणाला काही खटकलं नाही. तेव्हा शास्त्राची परवानगी मागू नका, नातीला घेऊन चला. मात्र दिंडीप्रमुखांशी आधीच बोला. तिचं नाव काय आहे आणि तिला त्याच नावानं हाक मारायची, हे त्यांनी विणेकऱ्यापासून चोपदारापर्यंत सगळ्यांना सांगायला हवं. रात्री राहुटीत ती तुमच्या शेजारी झोपेल की बायकांत, हे तिला विचारून ठरवा. अंघोळीला आणि शौचाला पहाटे गर्दीच्या आधी सोबत कोण जाईल तेही ठरवा, कारण त्रास बहुधा तिथंच होतो.